न पोचवलेली बाटली

माझी पहिली बायको भिलाईत सहा वर्षं राहिली. त्यातली शेवटची दोन दवाखान्यात, आगगाडीत आणि पुन्हा दवाखान्यात गेली. तिला पाहिलेली माणसं आता इथे जवळजवळ कोणी राहिलेली नाहीत. तिच्या आजाराबद्दल मी घरात थोडंफार बोललो आहे. पण त्यात माझ्या हातून जे झालं, ते फार थोड्या जणांना सांगितलं. आता वय झालं, म्हणून लिहून ठेवतो आहे.

आम्ही भंडाऱ्याकडचे, धानाचे शेतकरी. मी मॅट्रिक झालो तेव्हा गावातले दोघं-तिघं भिलाईच्या पोलादाच्या प्लांटात लागले होते, त्यांच्या मागोमाग मीही आलो. सुरुवातीला टिनाच्या शेडमध्ये एकेका ओळीत दहा-दहा खाटा टाकून राहिलो. मग मरोद्याच्या तलावावर पंप हाउसला ऑपरेटर झालो. पंप चालू करायचे, बंद करायचे, दर तासाला काटे वाचून लिहायचे. क्वार्टर मिळालं तेव्हा लग्न केलं आणि तिला घेऊन आलो.

ती उंच होती, माझ्यापेक्षा बोटभर जास्तच. तिच्या गावाला मोठा तलाव होता आणि ती त्यात पोरांच्या बरोबरीनं पोहायची. मरोद्याचा तलाव पहिल्यांदा दाखवला तेव्हा ती काठावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "येवढं पानी, आन कोनी उतरत नाही?" मी सांगितलं की हे प्लांटचं पाणी, उतरायला मनाई आहे. तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही. दिवसातून दोनदा ती खिडकीच्या कट्ट्यावरची तांबडी धूळ पुसायची. चौथ्या भट्टीचं काम चाललं होतं, त्याचे धक्के जमिनीतून क्वार्टरपर्यंत यायचे आणि मांडणीवरची ताटं किणकिणायची. शेजारी आंध्रातलं कुटुंब होतं. त्या बाईला मराठी येत नव्हतं, हिला तेलुगू नाही, हिंदी दोघींचीही तोडकीमोडकी. तरी दुपारभर दोघी कुंपणावरून बोलत असायच्या आणि खळखळून हसायच्या.

लग्नाला चार वर्षं झाली तरी मूल नव्हतं. माय गावाहून दर पत्रात विचारायची. मग एकदाचे दिवस राहिले. तिला इतक्या उलट्या व्हायच्या की पाणीसुद्धा ठरायचं नाही. चौथ्या महिन्यातच पोट सहाव्या महिन्याएवढं दिसायला लागलं. शेजारीण दोन बोटं दाखवून म्हणाली, जुळे. माय जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून घेऊन आली, तीसुद्धा दोघांच्या हिशेबानं. फक्त एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही, किंवा आली असेल तर कोणी बोललं नाही. पोटात काही हलत नव्हतं.

मी पहिल्या पाळीवर असताना शेजारणीचा नवरा सायकल मारत पंप हाउसला आला. हिला रक्तस्राव सुरू झाला होता. मी पोचलो तोवर तिला प्लांटच्या दवाखान्यात आत नेलं होतं. दोन-अडीच तासांनी लेडी डॉक्टर बाहेर आल्या. त्या नागपूरच्या होत्या, तिशीच्या आतल्या, मराठीतच बोलायच्या. मला बाकावर बसवून त्यांनी सांगितलं.

"याला द्राक्षगर्भ म्हणतात. बाळ धरतच नाही. बाळाची जी वार असते ना, तेवढीच वाढत जाते. द्राक्षाच्या घडासारखे पाण्याचे फोड होतात. आम्ही सगळं काढलंय. त्या ठीक आहेत."

"म्हणजे लेकरू नव्हतंच?" मी विचारलं.

"नव्हतं," त्या म्हणाल्या.

हे मी तिला कसं सांगावं या विचारात होतो, पण तिला आतच कळलं होतं. संध्याकाळी ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी जवळ बसलो तशी म्हणाली, "लेकरू नव्हतं, तं मंग मले येवढ्या उलट्या कायच्या झाल्या?" मायला आम्ही सांगितलं की पडलं. मायनं विचारलं, कुठे पुरलं? मी म्हणालो, दवाखानावाले देत नाहीत. माय दुपटी तिथेच ठेवून गावाला गेली.

घरी सोडताना लेडी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून बजावलं. "हा आजार कधीकधी परत येतो. एखादा कण राहिला तर त्याची गाठ होते आणि ती रक्तातून पसरते. क्वचित होतं, पण होतं. म्हणून सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी आणि मग वर्षभर दर महिन्याला सकाळची पहिली लघवी बाटलीत घालून लॅबमध्ये आणायची. आणि वर्षभर दिवस राहू द्यायचे नाहीत. समजलं?"

"लघवी कायले?" तिनं विचारलं.

मग त्यांनी ती तपासणी समजावून सांगितली. बेडकाच्या कातडीखाली ती लघवी सुईनं देतात. बाई गरोदर असली तर तीन-चार तासांत नर बेडकाच्या अंगात फरक पडतो आणि तो यंत्राखाली दिसतो. ही गाठ वारेपासूनच होते, त्यामुळे बाई गरोदर नसली तरी बेडूक गरोदर म्हणतो. "आपल्याला 'नाही' असं उत्तर पाहिजे," डॉक्टर म्हणाल्या. ज्या उत्तरासाठी आम्ही चार वर्षं तळमळलो, तेच आता नको म्हणून मागायचं होतं.

लॅबमध्ये इथलाच, छत्तीसगढी बोलणारा एक म्हातारा अटेंडंट होता. तो आवारातल्या हौदाजवळून बेडूक पकडून आणायचा, मेचका म्हणायचा त्यांना. मी पहिल्यांदा बाटली घेऊन गेलो तेव्हा त्यानं मला बेडूक दाखवला, अंगावर फोड असलेला, मातकट, जागचा न हलणारा. पहिल्या दोन वेळी 'हो' आलं. डॉक्टर म्हणाल्या, काही आठवडे तसं येतंच. तिसऱ्या वेळी 'नाही' आलं, चौथ्या वेळीही 'नाही'. त्या दिवशी तिनं शेजारणीकडे गोडाचा शिरा पाठवला.

आता जे झालं ते सांगतो.

पाचव्या वेळी मी दुसऱ्या पाळीवर होतो, म्हणून सकाळीच निघालो. बाटली कापडी पिशवीत, पिशवी सायकलच्या हँडलला. दवाखान्याच्या सायकल स्टँडवर आमच्या खात्यातले तिघं भेटले. एकाच्या पायाला पट्टी करायला आले होते. त्यातल्या एकानं पिशवीला हात घातला. "काय आणलं बे गावाहून? मध?" मी नाही-नाही म्हणेपर्यंत त्यानं बूच काढून वास घेतला. मग जे हसू झालं ते स्टँडभर ऐकू गेलं. मी काहीतरी बोललो, लॅबचं, तपासणीचं. त्यांना बेडकाचंही ठाऊक झालं. त्या दिवशी बाटली मी बूच लावून लॅबमध्ये दिली, उत्तर 'नाही'च आलं. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्याच्या पिशवीत कोणीतरी जिवंत बेडूक ठेवला होता. "बायकोचं जाऊ दे, बेडकाला कितवा महिना?" असं जाता-येता चाललं. त्यांना आमच्या घरात काय झालं हे माहीत नव्हतं. मी सांगितलं असतं तर ते त्या क्षणी गप्प झाले असते, हे मला आज कळतं. तेव्हा मी कोणालाच सांगितलं नाही. पुरुषानं हातात बायकोच्या लघवीची बाटली घेऊन फिरावं, याचीच मला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली होती.

पुढच्या महिन्यात तिनं बाटली धुऊन, भरून, नीट बूच लावून पिशवीत ठेवली. मी निघालो, दवाखान्याच्या वळणावर वळलो नाही. पंप हाउसच्या मागे नाला होता, तिथे बाटली रिकामी केली. घरी गेल्यावर तिनं विचारलं, "दिली का जी बाटली?"

"दिली."

"काय म्हनलं?"

"नाही म्हणाले. चांगलं आहे."

तिनं देवापुढे हात जोडले. त्याच्या पुढच्या महिन्यातही मी तेच केलं, तेच बोललो. दुसऱ्या वेळी खोटं बोलताना जीभ अडखळलीसुद्धा नाही.

मग तिला खोकला सुरू झाला. आम्हाला वाटलं धुळीचा. एका सकाळी ती मोरीत खोकत होती आणि मला हाक मारली. मोरीच्या फरशीवर रक्त होतं, पाण्यात पातळ होत चाललेलं.

लेडी डॉक्टरांनी लगेच छातीचा एक्स-रे काढायला लावला. फिल्म खिडकीच्या उजेडात धरून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. दोन्ही फुप्फुसांत नाण्यांएवढे गोल डाग होते, मलाही दिसले. मग त्यांनी लॅबची वही मागवली. पानं उलटली, पुन्हा उलटली.

"मागचे दोन रिपोर्ट कुठे आहेत? बाटली आलेलीच नाही?"

ती माझ्या शेजारी स्टुलावर बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही, डॉक्टरांकडेही नाही. टेबलावरच्या वजनाच्या काट्याकडे पाहत राहिलो. तेवढ्यात ती बोलली.

"मीच नाही पाठोली बाई. मनलं, आता बरं हाये, कायले तुमाले घडीघडी तरास देवाचा."

डॉक्टर तिला खूप रागावल्या. इतकं समजावून सांगितलं तरी असं कसं केलंत, जिवापेक्षा काय जास्त आहे. ती मान खाली घालून ऐकत होती. मी तोंड उघडलं नाही. बाटली ओतली ती माझी एक चूक, आणि तिला माझ्या वाट्याची बोलणी खाऊ दिली ती दुसरी. मला ही दुसरी जास्त टोचते.

घरी येताना ती चार पावलं पुढे चालत होती. क्वार्टरचं दार उघडल्यावर चपला काढत तिनं विचारलं, "कुठं ओतली?"

"पंप हाउसच्या नाल्यात."

"दोन्ही?"

"हो."

"कावून?"

मी सायकल स्टँडचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग आत गेली, तांदूळ निवडायला बसली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलली नाही.

पुन्हा बेडकाची तपासणी झाली. 'हो' आलं. डॉक्टरांनी मुंबईच्या कॅन्सरच्या मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी लिहून दिली आणि चार दिवसांत आम्ही दुर्गला मेल गाडीत बसलो. नागपूरपर्यंत ती खिडकीला डोकं टेकून होती. भंडाऱ्याचं स्टेशन आलं तेव्हा फक्त उठून दारापर्यंत गेली, आणि गाडी हलल्यावर परत येऊन बसली.

मुंबईत दवाखान्याजवळ एका धर्मशाळेत मला जागा मिळाली. तिथले मोठे डॉक्टर साठीचे होते, सावकाश बोलायचे. म्हणाले, "ही फार विरळ गाठ आहे. आमच्याकडेसुद्धा वर्षाकाठी मोजक्याच बाया येतात. पण एक औषध निघालंय. थोड्या वर्षांपूर्वी तुम्ही आला असता तर मी काहीच करू शकलो नसतो. आता प्रयत्न करू."

औषध म्हणजे मसुरीच्या दाण्याएवढ्या पिवळ्या गोळ्या. पाच दिवस द्यायच्या, मग थांबायचं, रक्त तपासायचं, पुन्हा पाच दिवस. त्या एवढ्याशा गोळ्यांनी तिचं तोंड आतून सोलून निघालं. ओठांवर, जिभेवर, घशात व्रण. मीठ लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं. मी तिला थंड दूध आणि साबुदाण्याची पातळ पेज चमच्यानं भरवायचो. केस गेले. तिचे केस जाड होते, सकाळी उशीवरून ते गोळा करून ती स्वतःच कागदात गुंडाळायची, मला हात लावू द्यायची नाही.

एका फेरीनंतर डॉक्टरांनी गर्भपिशवी काढायचं ठरवलं. गाठीचं मूळ तिथे होतं. कागदावर सही माझी लागणार होती. मी तिला विचारायला गेलो तर ती म्हणाली, "काढा मना. हाये तं हाये, नाही तं नाही." आणि मग डॉक्टर तपासायला आले तेव्हा तिनं त्यांना तो प्रश्न विचारला, जो ती भिलाईपासून धरून बसली होती. "डॉक्टरसाहेब, ते लेकरू व्हतं का नव्हतं?"

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "बाई, वार ही बाळाला जपायलाच तयार होते. तुमच्या पोटात वार तयार झाली, पण बाळ आलंच नाही. वार मात्र वाढत राहिली."

ती म्हणाली, "मनजे तिले कोनी सांगतलंच नाही, का बाळ नाही आलं मनून."

डॉक्टर उठले. तिच्या हातावर हात ठेवून पुढच्या खाटेकडे गेले.

वॉर्डात हाच आजार असलेली आणखी एकच बाई होती, किनाऱ्याकडची, मासळी विकणारी. तिचाही घसा असाच सोलला होता, पण चौथ्या फेरीनंतर तिचे डाग साफ गेले आणि ती घरी गेली. जाताना हिच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "तू पन जाशील गो." मला त्या बाईचा हेवा वाटला. कबूल करायला हरकत नाही, रागही आला.

हिचे डागही लहान होत गेले. चार-साडेचार महिन्यांनी एक्स-रेमध्ये नुसते ठिपके राहिले आणि तपासणी 'नाही' आली. गोळ्यांची बाटली बरोबर देऊन डॉक्टरांनी आम्हाला घरी पाठवलं. गोळ्या भिलाईच्या दवाखान्याच्या देखरेखीखाली चालू ठेवायच्या होत्या, लघवीची तपासणी दर आठवड्याला.

भिलाईचे ते काही महिने बरे गेले. डोक्यावर पदर घट्ट बांधून ती बाजारात जायला लागली. अंगणात वालाचा वेल लावला. शेजारणीशी कुंपणावरचं बोलणं पुन्हा सुरू झालं. मी दर सोमवारी बाटली हातात धरून न्यायचो, पिशवी न घेता. स्टँडवर कोणी बोललं नाही. बातमी सगळ्यांना कळली होती. ज्यानं मागे बूच काढलं होतं तो एकदा माझी सायकल धरून उभा राहिला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, त्याला जमलं नाही आणि मीही थांबलो नाही. उन्हाळ्यात लॅबच्या म्हाताऱ्याला बेडूक मिळेनात. मग पाळी सुटल्यावर मीच नाल्याकाठचे ओले दगड उलटून बेडूक धरायचो आणि ओल्या पोत्यात घालून त्याला नेऊन द्यायचो. हिला त्याचं हसू यायचं. "भेटले का?" म्हणून विचारायची. आमच्यात हळूहळू बोलणं सुरळीत झालं होतं, पण त्या दोन बाटल्यांचा विषय तिनं काढला नव्हता.

एका सकाळी चहा देताना कप तिच्या डाव्या हातातून सुटला. तिला वाटलं ओला होता म्हणून. दुसऱ्या दिवशी पाण्याचा गडू सुटला. मग डोकं इतकं दुखायला लागलं की उजेड सहन होईना. लेडी डॉक्टरांनी तिला डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं. बोट कानाकडे गेलं. डॉक्टर मला बाहेर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आजच्या गाडीचं बघा."

या वेळी गाठ डोक्यात गेली होती, आणि ती लहान असताना बेडकाच्या तपासणीत आलीच नव्हती. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की या पिवळ्या गोळ्यांचा तिथे नीट असर होत नाही, किरणं द्यावी लागतील. तिच्या डोक्यावर जांभळ्या शाईनं चौकोन आखला. ती शाई पुसली जाऊ नये म्हणून डोकं धुवायचं नाही असं सांगितलं होतं. रोज सकाळी कोबाल्टच्या मशीनखाली तिला एकटीला झोपवायचे, जाड दार बंद व्हायचं आणि आम्ही सगळे बाहेर. तीन-चार मिनिटांचंच काम. बाहेर आली की ती विचारायची, "झालं?" आणि मी म्हणायचो, "आजचं झालं."

तिसऱ्या आठवड्यात आम्ही किरणांनंतर व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. डोकेदुखी थोडी कमी झाली होती, हात मात्र तसाच लुळा. तिनं तो हात दुसऱ्या हातानं उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "एक इचारू?"

"विचार."

"तुमी मले सांगतलं, रिपोर्ट चांगला आला. तवा मी देवापुढं हात जोडले. तुमी तिथंच उभे व्हते. तवा तुमाले काय वाटलं?"

मला रडू आलं. आजूबाजूला माणसं बसली होती, तरी आलं. मी म्हणालो, "वाटलं की खरंच चांगला असेल. असंच वाटून घेतलं."

ती म्हणाली, "मी रोज मनाले सांगतो, जाऊ दे. लाज वाटली मानसाले, झालं. चार दिवस 'जाऊ दे' होते. पाचव्या दिवशी नाही होत." आणि पुढे म्हणाली, "डॉक्टरीणबाईले मी खोटं बोलली ते तुमच्यासाठी नाही. मले तिच्यापुढं माह्या नवऱ्याची लाज वाटली मनून."

मी तिचा लुळा हात धरून बसलो. तिनं तो काढून घेतला नाही. तिला काढून घेता येत नव्हता, की घ्यायचा नव्हता, हे मला समजलं नाही.

किरणांच्या फेऱ्या पूर्ण झाल्या, पण फार फरक पडला नाही. डाव्या अंगाची ताकद गेली, मग बोलणं जड झालं. मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं की आता घरी घेऊन जा. ती स्वतःही तेच मागत होती. गावाला नेऊ का म्हणून विचारलं तर तिनं नाही म्हणून मान हलवली. भिलाईलाच, तिच्या घरी.

माय आली. तिचे आई-वडील आले. शेवटचे अठरा दिवस ती आतल्या खोलीत होती. माय तिचं अंग पुसायची, शेजारीण रोज मोगऱ्याची चार फुलं उशाशी ठेवून जायची. एका दुपारी जेवणाच्या वेळेला, मी तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होतो, ते कोपऱ्यातून परत बाहेर आलं. मी पुन्हा घातलं, पुन्हा आलं. मग तिच्या आईनं माझा हात धरला आणि चमचा काढून घेतला.

सवाष्ण गेली म्हणून तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. दुर्गला शिवनाथच्या काठी नेलं. आमच्या खात्यातले बरेच जण आले होते.

तेरावं झाल्यावर मी लेडी डॉक्टरांकडे गेलो. ती जे खोटं बोलली होती, त्यामागचं खरं त्यांना सांगितलं. त्या काही रागावल्या नाहीत. मग मी विचारलं, "त्या दोन बाटल्या आणल्या असत्या तर ती वाचली असती का?"

त्या म्हणाल्या, "लवकर कळलं असतं. गोळ्या दोन महिने आधी सुरू झाल्या असत्या. डोक्यात जाण्याच्या आधी. पुढचं मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही." मग म्हणाल्या, "तुम्हाला हो किंवा नाही पाहिजे. माझ्याकडे नाही ते."

त्यानंतर महिनाभरानं तिची ट्रंक आणि दोन लुगडी परत द्यायला मी तिच्या गावाला गेलो. ओसरीवर बसून तिच्या आई-वडिलांना सगळं सांगितलं. सायकल स्टँड, नाला, माझं खोटं, सगळं. सासरे ऐकून उठले, पायात जोडा घातला आणि बांधाकडे चालते झाले. सासूनं आत जाऊन ताट वाढून आणलं, माझ्यासमोर ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून दारात बसली. मी जेवलो. जेवलो नसतो तर अजून वाईट झालं असतं असं वाटलं. निघताना वाकून नमस्कार केला, तेव्हा तिनं पाय मागे घेतले.

तीन वर्षांनी मी दुसरं लग्न केलं. मुलगी पाहायला गेलो तेव्हाच तिला एकटीला बोलावून हे सांगितलं, तिचे वडील बाहेर बसले होते. ती म्हणाली, "मले कायले सांगून राहिले?" मी म्हणालो, "तुला माहीत असावं." ती म्हणाली, "मंग आता माहीत झालं." आणि तिनं होकार दिला. तिच्यासोबतचा संसार चांगला झाला, मुलं झाली, शिकली. भिलाई वाढत गेली, पुढच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. मी पंप हाउसमधूनच रिटायर झालो.

माझी मोठी मुलगी शाळेत जायला लागली होती त्या सुमारास एक दिवस तिच्या वडिलांचं, माझ्या पहिल्या सासऱ्यांचं पत्र आलं, दुसऱ्याकडून लिहवून घेतलेलं. डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, भिलाईला चांगलं ऑपरेशन होतं म्हणे. मी त्यांना घेऊन आलो. ऑपरेशन झालं आणि ते आमच्या घरी आठ-दहा दिवस राहिले. रोज तीनदा त्यांच्या डोळ्यात थेंब मी घालायचो. ते मान मागे टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून बसायचे आणि थेंब पडला की डोळा घट्ट मिटायचे. पूर्वीचं काही बोलले नाहीत. माझ्या दुसऱ्या बायकोच्या हातचं जेवायचे, मुलीला मांडीवर घेऊन बसायचे.

जायच्या दिवशी मी त्यांना दुर्ग स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी यायला वेळ होता. ते बाकावर काठी गुडघ्यांत धरून बसले होते, हिरवी पट्टी एका डोळ्यावर.

"जवाईबापू," ते म्हणाले, "तिची माय अजून तुमच्यावर रागावून हाये."

मी म्हणालो, "हो."

"मी तिले मनत नाही का रागावू नको."

"नका म्हणू," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. गाडी आली, मी त्यांना डब्यात बसवलं, गाठोडं बाकाखाली सरकवलं. थेंबांची बाटली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात नीट उभी ठेवली आणि अजून आठवडाभर तीन वेळा घालायचे म्हणून सांगितलं. ते म्हणाले, घालतो. गाडी हलली तेव्हा मी खाली उतरलो.